टिपणीस सिस्टरांचा नियम

टिपणीस सिस्टर उघड्या दारावरही टकटक करायच्या. दार सताड उघडं असायचं, समोर मी खुर्चीत बसलेलो दिसत असायचो, तरी बोटाच्या पेराने दार वाजवून त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. "या" म्हटल्याशिवाय पाऊल आत पडायचं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, दिसतोय ना मी तुम्हाला?" तर म्हणाल्या, "तुम्ही मला दिसताय. मी तुम्हाला दिसले की नाही, ते मला कसं कळणार?"

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि निवृत्त झालो. त्या एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. निवृत्त त्याही झाल्या होत्या, पण ते त्यांनी कधी मान्य केलं नाही. साडीच्या खांद्यावर उलटं घड्याळ टाचलेलं असायचंच. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "त्या दिवशी ड्युटी लागली." मला त्यांनी नावाने क्वचितच हाक मारली. जिन्यातून "अहो ग्रंथपाल" असा आवाज आला की सगळ्या इमारतीला कळायचं, आता ह्यांच्या मागे काहीतरी काम लागणार.

आपल्या हॉलमध्ये त्या एक वर्ग चालवायच्या. डिमेन्शिया झालेल्या, म्हणजे आठवण आणि उमज दोन्ही हळूहळू सुटत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन सांभाळणाऱ्या बायकांचा हा वर्ग. टिटवाळ्याहून, आंबिवलीहून, कळव्या-दिव्याहून बायका यायच्या. पहिल्या दिवशी सगळ्यांची नखं तपासली जायची. 'पेशंट' हा शब्द वर्गात बंद होता. "पेशंट दवाखान्यात असतो. घरात आजोबा असतात." आंघोळ घालायला, घास भरवायला कोणी घाई केली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "घाई म्हणजे मारच. फक्त वळ उठत नाहीत."

पण सिस्टरांचं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांच्या बायका घरात आल्या की आधी त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडायच्या. वरवर हात लावल्यासारखं करून नाही, तर खाली वाकून, दोन्ही पावलांना हात लावून. मगच काम सुरू. "ज्याचा लंगोट तुम्ही बदलणार, त्याच्या आधी पाया पडा," सिस्टर सांगायच्या. "म्हणजे दिवसभर लक्षात राहतं, आपण कोणाच्या घरी आहोत." घरच्यांना हे फार आवडायचं. ज्या आजींना त्यांची स्वतःची सून ओळखू येत नव्हती, त्यांच्या पायाशी परकी बाई वाकते आहे हे बघून लेकांचे डोळे भरून यायचे. "टिपणीस सिस्टरांच्या बायका पाया पडतात" हे ठाण्यापासून कल्याणपर्यंत पोचलं होतं. पुढचं सगळं ह्या नियमापासून घडलं, म्हणून तो इतका सविस्तर सांगितला.

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीतली श्रुती नावाची इंजिनियर एक दिवस त्यांच्याकडे आली. डोळ्यांवर बांधायचा एक हेडसेट तिने आणला होता. तो घातला की आपण खोलीत उरत नाही, दुसऱ्याच माणसाच्या डोक्यात जाऊन बसतो, असं ती म्हणाली. डिमेन्शिया झालेल्या माणसाला जग कसं दिसतं, ते त्यात दिसायचं. कडा काळोखलेल्या, जवळचं अंधुक, आवाज एकमेकांत मिसळलेले.

"खेळणं आहे," सिस्टर म्हणाल्या.

"एकदा घालून तर बघा, मॅडम."

सिस्टरांनी घातला. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. काढल्यावर त्यांनी पाणी मागितलं, आणि ते पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "ठेवून जा हा डबा."

तेव्हापासून सगळ्या बायका त्याला डबाच म्हणू लागल्या. माझ्याकडच्या खुर्च्या वर्गासाठी वर न्याव्या लागायच्या, तेवढ्या निमित्ताने मी दाराशी उभा राहून बघायचो. संगीताला मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. टिटवाळ्याची, उंच, मोठ्याने हसणारी, वर्गातली सगळ्यात ताकदीची बाई. डबा डोळ्यांवर चढवताना ती म्हणाली, "काय गं, थ्रीडी पिक्चर आहे का? पॉपकॉर्न आणा कोणीतरी." सगळ्या हसल्या. डब्याच्या आत आंघोळीचा प्रसंग होता. दोन बायका आपसांत गप्पा मारत आजीचे कपडे उतरवतात, टीव्ही चालू असतो, कोणीतरी पाठीमागून पाणी ओततं. थोड्या वेळाने संगीता खुर्चीत आखडली. मग ओरडली, "हात लावू नको! सांगते ना!" आणि तिने हवेत असा हात मारला की शेजारची बाई मागे सरली.

डबा काढला तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"मला विचारलंच नाही कोणी. सरळ हुकच काढायला लागल्या."

"तू विचारतेस?"

संगीताने डबा शेजारणीच्या हातात दिला. मग म्हणाली, "उद्यापासून विचारीन." त्या वर्गातली ती सिस्टरांची सगळ्यात लाडकी शिष्या. सिस्टर हे तोंडाने कधी बोलल्या नाहीत, पण अवघड घर आलं की संगीतालाच पाठवायच्या.

डब्यातली ती फिल्म परदेशातली होती, आवाज तेवढे हिंदी. बाथटब, गालिचे, काट्याचमच्याने जेवणारे आजोबा. सिस्टर म्हणाल्या, "ह्या घरात आमच्या बायका पाहुण्यासारख्या वावरतात. आपलं घर पाहिजे. पाट, बादली, देव्हारा, कुकरची शिट्टी." श्रुती तयार झाली. शूटिंग सिस्टरांच्याच घरी करायचं ठरलं आणि संवाद लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हौसेने मोठमोठी वाक्यं लिहून नेली. त्यांनी लाल पेनाने निम्मी कापली. "अहो ग्रंथपाल, ह्या माणसाला वाक्याचं शेपूट तेवढं ऐकू येतं. शेपूट लिहा."

शूटिंगच्या तयारीत असतानाच डोंबिवलीहून तो फोन आला.

डोंबिवली पश्चिमेला खाडीकडच्या जुन्या गावठाणात भोईरांचं घर होतं. धर्माबाबा भोईर तरुणपणी मिठागरात राबलेले. पुढे जमिनींना भाव आला, मुलाने, रमाकांतशेठने, इमारती उभ्या केल्या, आणि आता तीन मजली बंगल्यात धर्माबाबा स्वतःचं नावसुद्धा विसरले होते. संगीता त्यांच्याकडे कामाला होती. त्या सकाळी ते पलंगावरून फरशीवर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. खोलीत दोघंच होते. संगीताने ढकललं, असं घरच्यांचं म्हणणं. रमाकांतशेठने पोलिसांत तक्रार दिली, आणि संगीताला रोज पोलीस ठाण्यात बोलावून बसवून ठेवायला सुरुवात झाली.

ती सिस्टरांकडे आली तेव्हा मी तिथेच होतो. हसणारी संगीता ती नव्हतीच. उभ्या उभ्या बोलली. "सिस्टर, मी फक्त पाया पडले. रोजच्यासारखी. त्यांनी एकदम लाथ झाडली आणि तोल गेला. मी पकडेपर्यंत खाली. तुमची शपथ."

सिस्टरांनी घड्याळाकडे बोट नेलं, पण वेळ पाहिली नाही. "नुसतं पाया पडल्याने माणूस पडत नाही, संगीता. नीट आठव. ओढलंस का? घाई केलीस का?"

संगीता त्यांच्याकडे बघत राहिली. मग चप्पल घालून जिना उतरून गेली. तिच्या घरी तिला कोणी काही विचारत नव्हतं, शेजारी मात्र विचारत होते. तक्रार पुढे सरकली असती तर तुरुंग होता. सरकली नसती, तरी म्हाताऱ्याला ढकलणाऱ्या बाईला कल्याणच्या अलीकडे-पलीकडे कोणी दारात उभं केलं नसतं.

शूटिंग पुढे ढकलावं असं मी सुचवलं. सिस्टर नाही म्हणाल्या. त्या दिवसांत त्या फार कमी बोलत होत्या. पहिलाच प्रसंग 'कामाची सुरुवात' असा होता आणि तो आदर्श म्हणून दाखवायचा होता : मदतनीस येते, हसते, वाकून पाया पडते. कॅमेरा खुर्चीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावला. वर्गातल्याच एका बाईने काम केलं, आणि चांगलं केलं. श्रुतीने संगणकावर बसून त्यावर ती धूसर, आकसलेली नजर चढवली. खालचा भाग जवळजवळ काळाच झाला, कारण ह्या आजारात पुष्कळांना डोळ्यांसमोरचं तेवढंच उमगतं, खालचं-बाजूचं मनापर्यंत पोचतच नाही. आवाजही उशिरा येत होता.

"बघून घ्या, मॅडम. ओके असेल तर पुढे जाते."

सिस्टर खुर्चीत बसल्या, त्यांनी डबा डोळ्यांवर घेतला. एक बाई जवळ येताना त्यांना दिसत असणार. ती हसली असेल, तेवढ्यात नाहीशी झाली असेल. ज्या बाईने काम केलं होतं ती समोरच उभी होती. तिला वाटलं, फिल्ममध्ये जे चाललंय ते आपणही करावं, म्हणजे अगदी खरं वाटेल. तिने वाकून सिस्टरांच्या पावलांना हात लावला.

सिस्टरांनी लाथ मारली. ती बाई फरशीवर बसली, खुर्ची मागे घसरून कपाटावर आदळली, आणि सिस्टरांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी आजवर विसरलो नाही. कितीतरी मरणं जवळून पाहिलेल्या बाईचा तो आवाज नव्हता.

त्यांनी डबा काढला. आधी त्या बाईला हाताला धरून उठवलं, लागलं का विचारलं. मग कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

"परत करू या का हा सीन?" श्रुतीने हळूच विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "ती खरं बोलत होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डोंबिवलीला बरोबर नेलं. "साक्षीदार म्हणून नाही. डबा धरायला माणूस हवा." रिक्षात मी त्यांना म्हणालो की आधी एखाद्या वकिलाला विचारू या. भोईरांची माणसं साधी नाहीत. त्या म्हणाल्या, "वकील मला गप्प बसायला सांगेल. तेवढं मला स्वतःलाही सुचतं."

बंगल्याच्या हॉलमध्येच धर्माबाबांचा पलंग टाकला होता. ऑपरेशन झालेलं होतं. सोफ्यावर रमाकांतशेठ, त्यांचे मेहुणे आणि आणखी दोघं. एकाने आम्ही आत आल्याबरोबर मागचं दार लोटून घेतलं. बसा कोणी म्हटलं नाही.

"तुमची बाई माझे बापसाला ढकलते," रमाकांतशेठ म्हणाले, "न तुमी आता काय, मिटवाला आल्यान?"

"मिटवायला नाही. चूक कोणाची ते सांगायला आले. पण आधी तुम्ही हे डोळ्यांवर घाला."

मेहुणे हसले. "दाजी, घाला. गेम हाय. पोरं खेलतात."

"मी काय लहान पोर हाय? बापूस माझा त्या पलंगावर पडलाय न ही बाई मना सिनेमा दाखवते?" ते उठून उभे राहिले. मी डब्याची पिशवी छातीशी धरली. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात आतल्या दारातून रमाकांतशेठची आई बोलली. धर्माबाबांची बायको, कपाळावर गोंदण, हातात तांदूळ पाखडायचं सूप. "घाल रं रम्या. बाय आपले दारान आयलीय. बघ तरी."

आईचं ऐकून रमाकांतशेठ खाली बसले. सिस्टरांनी स्वतः पट्टा बांधला. प्रत्येक गोष्ट आधी सांगून : आता कपाळाला हात लावते, आता मागे घट्ट करते. फिल्म सुरू झाली. मला आतलं दिसत नव्हतं, त्यांची जाड बोटं तेवढी दिसत होती, सोफ्याच्या हाताला धरलेली. ह्या खेपेला कोणी पायाला हात लावला नाही. तरीही त्यांचा पाय असा झटक्याने उडाला की समोरची काचेची टीपॉय उलटली. काच फुटली. दाराशी उभा असलेला माणूस धावत आला, सिस्टरांनी हाताने त्याला थांबवलं.

रमाकांतशेठने डबा काढला नाही. तो तसाच डोळ्यांवर ठेवून ते बोलले, आणि आवाज अगदी खाली आला होता.

"बाबा मिठागरान कामाला जायचं. चिखलान, पान्यान. पायाला काय लागला का आधी लाथ मारायची, मंग बघायचा, साप हाय का जिताडा मासा. मना बी तेच शिकवलंन."



"पाया पडायचं मी शिकवलं," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या सगळ्या बायकांना. मान म्हणून. समोरून आलेलं माणूस एकदम खाली नाहीसं झालं आणि कोणीतरी पाय धरले, तर त्यांना काय वाटेल, हे मी कधी त्यांच्या जागी बसून पाहिलं नाही. संगीताने तेच केलं जे मी सांगितलं होतं."

रमाकांतशेठने डबा काढला. डोळे लाल होते, पण आवाज परत कडक झाला. "म्हंजे चूक तुमची."

"माझी."

"मंग तिचा नाव काढून तुमचा घालू केसमधी?"

"घाला. उद्या सकाळी मी पोलीस ठाण्यात येते. तुम्ही बरोबर नेलंत तर तुमच्याबरोबर, नाहीतर एकटी."

पलंगावर धर्माबाबा कण्हले. काच फुटल्याच्या आवाजाने ते जागे झाले होते. घरची माणसं धावली असती, पण सिस्टर आधी निघाल्या. पलंगापासून थोड्या दूर, त्यांना दिसेल अशा जागी त्या थांबल्या, गुडघ्यांवर हात ठेवून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या आणि त्यांनी हात जोडले. तशाच थांबल्या. बाबांची नजर भटकत भटकत त्यांच्यावर आली.

"मीठ झाकलंस काय?" त्यांनी विचारलं. "आभाल भरलाय."

"झाकलं, बाबा. सगळं झाकलं."

"बरा झाला," म्हणून त्यांनी डोळे मिटले. रमाकांतशेठ तोंड फिरवून खिडकीकडे उभे होते.

सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा ते आधीच येऊन गेले होते. बापूस आपल्या हालचालीनेच पडला, असं सांगून तक्रार त्यांनी मागे घेतली होती. सिस्टरांना ना निरोप, ना फोन. आपलं ऐकायला कोणी उरलंच नाही म्हणून सिस्टर खट्टू झाल्या, पण आत जाऊन ड्युटीवरच्या हवालदाराला त्यांनी सगळी हकीकत सांगितलीच. त्याने चहा मागवला.

नियम त्याच दिवशी बदलला. लांब उभं राहायचं, नजरेत यायचं, हात जोडायचे, वाट बघायची. पण सिस्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तो पाया पडण्याचा प्रसंग त्यांनी फिल्ममध्ये आहे तसा ठेवायला लावला. प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्यांदा तोच दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे चूक आहे आणि हे मी शिकवत होते." त्यांच्याकडे माणसं पाठवणारे एक डॉक्टर जिन्यात मला म्हणाले, "बाईंना सांगा, नियम बदलला ना, झालं. सगळीकडे सांगत कशाला फिरतात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ज्या घरांत माझ्या जुन्या बायका अजून वाकतायत, तिथे कोण जाऊन सांगणार? ते डॉक्टर?" त्यानंतर त्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे कोणाला पाठवलं नाही. ज्यांना पाया पडणाऱ्या बायकाच हव्या होत्या, अशी घरंही सुटली. वर्ग लहान झाला.

संगीता मात्र परत आली नाही. फोन उचलायची नाही. त्या वर्षीच सिस्टरांच्या हृदयाचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "टिटवाळ्याला सगळं सपाट आहे." आणि मला बरोबर घेऊन गेल्या.

नव्या इमारतींच्या रांगेजवळ संगीताने वड्याची गाडी लावली होती. कढईसमोर उभी होती, गिऱ्हाईकं होती. आम्हाला पाहिलं, पण हातातला घाणा काढून झाल्यावरच बोलली.

"या, सिस्टर."

सिस्टरांनी सरळ सांगितलं. तुझ्यावर कसलाही डाग नाही, मी सगळीकडे सांगितलंय, शिकवायला ये, काम करायला नको तर नुसतं शिकव.

संगीताने कपाळाचा घाम मनगटाने पुसला. "त्या शेठचा मला राग नाही आला. त्याचा बाप पडला होता. तुम्ही विश्वास नाही ठेवला, त्याचा आला. आता तोही नाही. पण सिस्टर, म्हाताऱ्या माणसाजवळ गेलं ना, की माझे हात कापतात. कापऱ्या हातांनी काय शिकवू?"

सिस्टरांनी मान हलवली. समजावलं नाही, आग्रह केला नाही. मला वाटलं, आता निघू. गाडीच्या मागे उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं वाफाळत होतं. सिस्टरांनी शेजारचा रिकामा क्रेट ओढला, पदर खोचला आणि बसून बटाटे सोलायला घेतले. बोटं भाजत होती, मधूनच त्या त्यांवर फुंकर घालत होत्या. संगीताने एकदा वळून पाहिलं आणि न बोलता पाण्याचा वाडगा त्यांच्याकडे सरकवला.

"ग्रंथपाल, तुम्ही व्हा पुढे," मान वर न करता सिस्टर म्हणाल्या. "हे पातेलं बरंच मोठं आहे."

मी रिक्षात बसून मागे पाहिलं. कढईत वडे पडत होते, आणि सिस्टर सोललेला बटाटा हातात फिरवून बघत होत्या, कुठे साल राहिलं आहे का.